दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक्सेल बंद पडतं, स्क्रीनवर काळे पट्टे येतात: कारण कसं सापडलं

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते लगेच कळेल. फाइल उघडते, तास-दीड तास काम सुरळीत चालतं. मग वर-खाली सरकवताना आधीच्या ओळींची भुतं मागे राहू लागतात. बाराव्या ओळीतलं नाव चाळिसाव्या ओळीवरही दिसतं आणि तिथे क्लिक केलं की नाहीसं होतं. नंतर काळे पट्टे. मग वरची रिबन पांढरीफटक: बटणं जागेवर असतात, त्यांवरची चित्रं गेलेली. शेवटी खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरं, आणि एक्सेल गायब. पुन्हा उघडलं की काही झालंच नाही असं वागतं.

मी डोंबिवलीत काही गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते. त्यांतल्या एका सोसायटीत, चार विंग आणि ११२ फ्लॅट, हे वर्षभर दर महिन्याच्या एक ते पाच तारखेदरम्यान होत होतं. म्हणजे नेमकं मेंटेनन्सची बिलं काढायच्या दिवसांत. सेक्रेटरी काका सत्तरीचे आहेत. बिलं छापायचं काम ते सोसायटीच्या ऑफिसात बसून स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असायचं. “अगं, परत गेलं बघ ते.”

तोवर बरंच करून झालं होतं. ऑफिसात येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने एकदा रॅम वाढवली, एकदा विंडोज नव्याने टाकलं, एकदा एमएस ऑफिस काढून पुन्हा बसवलं. प्रत्येक वेळी तीन आठवडे शांतता, आणि एक तारीख उजाडली की पहिले पाढे पंचावन्न. खरं तर ते तीन आठवडे तसेही शांतच असायचे, कारण तेव्हा कुणी बिलं काढत नाही. ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. उपाय केल्यावर बिघाड झाला नाही, एवढ्यावरून उपाय लागू पडला असं धरायचं नसतं. बिघाड व्हायची वेळ मध्ये येऊन गेली का, ते पाहावं लागतं.

कशावर मरतं, की कितव्यावर?

काकांचं निदान ठरलेलं होतं. बिलं ए विंगपासून ओळीने निघतात, आणि एक्सेल मरतं ते डी-२०२ च्या आसपास. डी-२०२ ची थकबाकी जुनी, मोठी, व्याजाचं शेपूट लांब. “त्याचं बिल काढायचं म्हटलं की मशीनसुद्धा दमतं,” काका म्हणायचे. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एखाद्या ओळीत खराब झालेला फॉर्म्युला असेल, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा तुटका दुवा असेल, तर प्रोग्राम तिथे पोचला की अडखळू शकतो. म्हणून डी-२०२ ची आख्खी ओळ मी पुसली आणि नव्याने टाइप केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच गाडी अडली.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. क्रम उलटा केला. डी विंगच्या शेवटच्या फ्लॅटपासून सुरुवात करून ए विंगकडे यायचं ठरवलं. डी-२०२ चं बिल तेविसावं आलं आणि मुकाट्याने छापलं गेलं. एक्सेल मेलं ते ए-६०३ पाशी. तिथल्या बाई वर्षाचा मेंटेनन्स एप्रिलमध्येच भरून मोकळ्या होतात, त्यांच्या खात्यात व्याजाचा पैसा नाही. पण मोजून पाहिलं तर सरळ क्रमाने डी-२०२ नव्वदावं येतं, आणि उलट क्रमाने ए-६०३ सुद्धा नव्वदावंच.

इथे सगळा तपास वळला. ठरावीक ओळीवर, ठरावीक शीटवर, ठरावीक बटणावर बिघाड होत असेल तर दोष त्या वस्तूत शोधायचा. पण ठरावीक संख्येनंतर होत असेल, मग वस्तू कुठलीही असो, तर कुठेतरी काहीतरी साठत चाललंय आणि भांडं भरलं की सांडतंय. तुमच्याकडे बिलं नसतील, पगारपत्रकं असतील, मुलांच्या गुणपत्रिका असतील, दूध संकलनाच्या पावत्या असतील. क्रम उलटा करून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

काय साठत होतं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिटेल्स’ हा भाग. तिथल्या रकान्यांच्या शीर्षकावर उजवं क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, आणि यादीतून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ला टिक. हा रकाना बहुतेकांनी जन्मात पाहिलेला नसतो, कारण तो आपोआप दिसत नाही. सगळे मेमरीचा आकडा बघतात, तो आमच्याकडे शेवटपर्यंत ठीकठाक होता.

जीडीआय म्हणजे स्क्रीनवर आणि कागदावर रेघा, अक्षरं, चित्रं काढायची विंडोजची जुनी व्यवस्था. प्रोग्रामला काही काढायचं असलं की विंडोज त्याला पेन, ब्रश, फाँट, बिटमॅप अशी हत्यारं उसनी देतं. मंगल कार्यालयातल्या भांड्यांसारखंच: मोजून न्यायची, काम झालं की मोजून परत करायची. एका प्रोग्रामला एका वेळी जास्तीत जास्त १०,००० हत्यारं मिळतात, ही विंडोजने ठरवून दिलेली नेहमीची मर्यादा आहे. रॅमशी तिचा संबंध नाही. ८ जीबीची १६ जीबी केली तरी ती तेवढीच राहते. कुणी भांडी परतच करत नसेल तर एक वेळ अशी येते की कोठीत काही उरत नाही, आणि पंगतीत काही जणांपुढचं पान कोरं राहतं. पांढरी रिबन म्हणजे ते कोरं पान. त्यानंतर प्रोग्राम फार वेळ तग धरत नाही.

त्या महिन्यात मी काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि वहीत आकडे लिहिले. फाइल उघडली तेव्हा एक्सेलसमोर साधारण १,४०० होते. पहिल्या दहा बिलांनंतर २,३०० च्या पुढे. पन्नास बिलांनंतर सहा हजार ओलांडले. दर बिलामागे नव्वद-पंच्याण्णवची भर, आणि एकदाही आकडा खाली येत नव्हता. काका म्हणाले, “हे तर थकबाकीसारखंच चाललंय.” शहाऐंशीव्या बिलाला रिबनवरची चित्रं जायला लागली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

हत्यारं परत न करणारा कोण, हे शोधायला सेफ मोड. कंट्रोल दाबून धरा आणि तसंच एक्सेलच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं ते विचारेल, हो म्हणा. या अवस्थेत एक्सेलला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे ॲड-इन, चढत नाहीत. आमच्या बिलावर ‘अक्षरी रुपये’च्या जागी चुकीची खूण आली, पैसे भरायचा क्यूआर चौकोन रिकामा राहिला, पण ११२ च्या ११२ बिलं पीडीएफमध्ये निघाली आणि आकडा १,६०० च्या वर गेला नाही.

चोर सापडला. बिलावर रक्कम अक्षरांत लिहिणारं आणि प्रत्येक फ्लॅटच्या रकमेचा क्यूआर काढणारं एक ॲड-इन कधीतरी विकत घेतलं होतं. प्रत्येक चौकोन काढताना ते हत्यारं उचलायचं आणि ठेवायचं विसरायचं. विंडोज नव्याने टाकूनही दुखणं का परतायचं याचंही उत्तर मिळालं: तो मुलगा प्रामाणिकपणे दर वेळी तेच ॲड-इन पुन्हा बसवून द्यायचा. बनवणाऱ्यांना कळवलं, तर ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतं’ असं उत्तर आलं. चालत असेलही. त्यांनी दहा बिलं काढून पाहिली असतील.

ॲड-इन बंद करायची जागा: फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली ‘मॅनेज’ असं लिहिलेलं असतं, तिथे आधी ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’, मग ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडून ‘गो’. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत, एकीत सापडलं नाही म्हणून सोडू नका. बरीच ॲड-इन असतील तर अर्धी बंद करून पाहा, मग उरलेल्यांतली अर्धी. एकेक बंद करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

ॲड-इनवाचून चालतच नसेल तर तात्पुरता इलाज म्हणून चाळीस-चाळीस बिलांचे हप्ते पाडा, आणि प्रत्येक हप्त्यानंतर एक्सेल पूर्ण बंद करा. नुसती फाइल बंद करून भागत नाही. उसनवारी प्रोग्रामच्या नावावर असते, फाइलच्या नाही. दुसरी एखादी फाइल उघडी राहिली तर एक्सेल जिवंतच असतं. याच कारणामुळे एक फाइल कोसळली की सोबतच्या सगळ्या जातात. बिलांची फाइल वेगळ्या घरात ठेवायची असेल तर आल्ट दाबून धरून एक्सेल सुरू करा, ते नवीन स्वतंत्र एक्सेल उघडू का असं विचारतं.

क्यूआरचा प्रश्न आम्ही सोपा करून टाकला. सोसायटीच्या खात्याचा एकच स्थिर चौकोन बिलाच्या नमुन्यात चित्र म्हणून कायमचा बसवला, रक्कम भरणारा टाकेल. अक्षरी रकमेला मात्र जरा बसावं लागलं, कारण मराठीत एक ते नव्व्याण्णव ही प्रत्येक संख्या स्वतःच्या नावाने नांदते. वीस आणि तीन मिळून तेवीस का, आणि एकोणतीस तिसाच्या आधी का मोजायचे, हे फॉर्म्युल्याला समजावता येत नाही. म्हणून एका शीटवर ९९ शब्दांची यादी लिहिली. फॉर्म्युला रकमेतून आधी लाख वेगळे करतो, मग हजार, मग शेकडा, उरलेली दोन अंकी संख्या, आणि प्रत्येकाचं नाव यादीतून उचलतो. एक खाच आहे: नुसते १०० असतील तर ‘शंभर’, आणि पुढे काही असेल तर ‘एकशे’. पहिल्या खेपेला एका बिलावर ‘तीन हजार एकशे’ छापून आलं आणि काकांनी ते लाल पेनने दुरुस्त करून मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. आता शेकड्यासाठी दोन रकाने आहेत.

भुतं आणि पट्टे: हे प्रकरण निराळं

ॲड-इन गेल्यावर एक्सेल बंद पडायचं थांबलं, रिबन पांढरी व्हायची थांबली. पण ओळींची भुतं आणि काळे पट्टे तसेच. मी वर्षभर ही सगळी एकाच रोगाची लक्षणं धरून चालले होते, कारण ती एकाच बैठकीत दिसायची. ती दोन वेगळी दुखणी होती आणि म्हणूनच एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नव्हता.

स्क्रीन बिघडलेली दिसली की पहिलं काम: स्क्रीनशॉट घ्या. मग मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. फोटोत पट्टे आहेत आणि स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, तर मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेकडे बघा. एक्सेलचा दोष नाही. दोन्हींत असतील तर चित्र काढतानाच चुकतंय. दुसरं काम: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, एक बारीक आवाज येतो, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत. यानंतर पट्टे गेले तर संशय ग्राफिक्सवर पक्का करा.

आमच्याकडे दोन्हींत पट्टे होते आणि चार कळांनी ते जात होते. हल्लीचं एक्सेल चौकटी आणि हालचाल रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं. ते बंद करता येतं: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली ‘डिस्प्ले’ या भागात ‘डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ला टिक, मग एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. काही नव्या आवृत्त्यांत हा पर्यायच दिसत नाही. लॅपटॉपला दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे एक्सेल निवडून ‘पॉवर सेव्हिंग’ करून पाहा, म्हणजे ते साध्या चिपवर चालेल.

टिक केल्यावर भुतं कमी झाली, गेली नाहीत. आणि मग माझं लक्ष भिंतीवर गेलं. सर्वसाधारण सभेत जमाखर्च दाखवायला म्हणून ऑफिसात टीव्ही लावलेला आहे, त्याची केबल कॉम्प्युटरला कायम खुपसलेली. टीव्ही बंद असला तरी विंडोजच्या लेखी तो दुसरा पडदा जोडलेलाच होता, आणि त्याचं प्रमाण (स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते) १५० टक्के, मॉनिटरचं १०० टक्के. दोन पडद्यांची प्रमाणं वेगळी असली की एक्सेलला अक्षरांची मापं सारखी बदलावी लागतात आणि तिथे ते गडबडतं. यासाठी ऑप्शन्समध्ये ‘जनरल’ या भागात, एकापेक्षा जास्त पडद्यांबद्दल दोन पर्याय आहेत: उत्तम दिसण्याला प्राधान्य, किंवा ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’. दुसरा निवडा आणि एक्सेल पुन्हा सुरू करा. अक्षरं किंचित पुसट दिसतात. काकांना ते चालत नव्हतं, म्हणून आम्ही आणखी सोपा उपाय केला: टीव्हीची केबल काढली, ती आता सभेच्या दिवशीच लागते. भुतं गेली.

ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका हा सल्ला सगळे पहिल्यांदा देतात. मी तो तिसऱ्या नंबरवर ठेवीन. नव्या ड्रायव्हरने दुखणं सुरू झाल्याचीही उदाहरणं असतात. तुमच्याकडे पट्टे अलीकडेच सुरू झाले असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’, त्याच्या गुणधर्मांत ‘ड्रायव्हर’, आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण जिवंत दिसत असेल तर आधी मागे जाऊन पाहा.

फाइल स्वतःच आजारी असेल तर

आमच्या फाइलचं वजन ४८ एमबी होतं. ११२ फ्लॅटच्या हिशेबाला इतकं वजन येतं कुठून? ही फाइल २०१२ साली आधीच्या खजिनदारांनी सुरू केली. दर महिन्याची शीट आधीच्या महिन्याच्या शीटची नक्कल करून जन्माला येते, आईची सगळी दुखणी घेऊन. एवढ्या पिढ्या झाल्यावर व्हायचं तेच झालं. बंद पडण्याचं मूळ कारण ती नव्हती, पण उघडायला तीन मिनिटं लागणं आणि सेव्ह करताना गोठणं हे तिचं देणं होतं.

फाइलचं पोट तपासायची एक युक्ती आहे. २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल ही आतून झिप असते. फाइलची एक प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका, आणि त्या प्रतीच्या नावाचं शेपूट ‘.xlsx’ बदलून ‘.zip’ करा. उघडलं की आत फोल्डर दिसतील. ‘वर्कशीट्स’मध्ये एखादी शीट बाकीच्यांच्या दसपट आहे का, ‘ड्रॉइंग्ज’मध्ये भली मोठी फाइल आहे का, ‘स्टाइल्स’ची फाइल फुगली आहे का, ते आकार बघूनच कळतं. आमच्याकडे ड्रॉइंग्ज फुगलं होतं, आणि कारण मजेदार होतं. खजिनदार नेटबँकिंगच्या पानावरून खातेउतारा थेट चिकटवायचे. त्यासोबत पानावरची न दिसणारी बारीक चित्रं यायची, आणि पुढे दर महिन्याच्या नकलेत त्यांचीही नक्कल. त्या शीटवर आल्ट आणि एफ१० दाबलं तर उजवीकडे ‘पिक्चर’ नावाची यादी संपता संपेना.

ती काढायला एफ५, ‘स्पेशल’, ‘ऑब्जेक्ट्स’, ओके, आणि डिलीट. सावध राहा: यात तुमचे आलेख, बटणं आणि बोधचिन्हही निवडली जातात. हजारोंच्या संख्येत असतील तर एक्सेल बराच वेळ गोठल्यासारखं वाटेल. चहा करून या, मध्येच मारू नका.

पुढची तपासणी कंट्रोल आणि एंड. डेटा १२० ओळींचा असताना कर्सर जर पार दहा लाखांच्या घरात जाऊन पडत असेल (शीटला एकूण १०,४८,५७६ ओळी असतात), तर बहुधा कुणीतरी पार तळापर्यंतच्या चौकटींना रंग किंवा रेघा देऊन ठेवल्या आहेत. खालच्या ओळी निवडून मजकूर पुसू नका, ओळीच डिलीट करा, सेव्ह करा, मग पुन्हा तपासा.

सशर्त रंगांचं असंच. थकबाकीदार लाल दिसावा म्हणून एक नियम केलेला असतो. ओळी कापून-चिकटवून त्याचे तुकडे होत होत शेकडो होतात. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये ‘मॅनेज रूल्स’, आणि वर ‘धिस वर्कशीट’ निवडा. सगळे उडवून एकच नियम नव्याने लिहिणं हाच शहाणपणा. पुढे चिकटवताना ‘पेस्ट व्हॅल्यूज’ वापरलं की तुकडे पडत नाहीत. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये वेगवेगळ्या सजावटींची मर्यादा ४,००० होती, नव्यात ती सुमारे ६४ हजार आहे. नक्कल करत राहिलं की तीही भरते आणि मग ‘टू मेनी डिफरंट सेल फॉरमॅट्स’ अशी तक्रार येते.

व्याजाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘टुडे’ होतं. हे फंक्शन, तसंच ‘नाऊ’, ‘ऑफसेट’ आणि ‘इनडायरेक्ट’, कुठेही एक आकडा बदलला तरी पुन्हा हिशेब करायला उठतात. सगळ्या शीटवर सगळ्या ओळी एकदम उठल्या तर मशीन धापा टाकणारच. बिलाची तारीख एका चौकटीत हाताने लिहायची आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं, एवढा बदल पुरला. त्यात आणखी एक फायदा: जुनं बिल पुन्हा उघडल्यावर व्याज आजच्या तारखेचं दिसत नाही. ही चूक कित्येक सोसायट्यांत राजरोस चालू आहे.

शेवटी एप्रिलमध्ये नवी फाइल केली. एक कोरी नमुना शीट, त्यातूनच दर महिन्याची शीट काढायची. एका आर्थिक वर्षाला एक फाइल. जुनी मोठी फाइल ‘रीड ओन्ली’ करून दोन ठिकाणी ठेवलेली. नवी ३ एमबीच्या आत आहे.

फाइल उघडतच नसेल तर ‘ओपन’च्या खिडकीत फाइल निवडा आणि ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ करा. आधी ‘रिपेअर’, तेही फसलं तर ‘एक्स्ट्रॅक्ट डेटा’. तेही नाही जमलं तर लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा. एक्सेलने टाकून दिलेली फाइल कॅल्क कधी कधी उघडतं. तिथून आकडे वाचवा, मॅक्रो आणि रंगसंगतीची आशा धरू नका.

किरकोळ, पण छळणाऱ्या गोष्टी

पानांची मापं कळण्यासाठी एक्सेल डीफॉल्ट प्रिंटरला विचारत असतं. तो प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि बंद असेल तर फाइल उघडताना, प्रिव्ह्यू बघताना ते ताटकळतं, आणि लोकांना वाटतं हँग झालं. डीफॉल्ट ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ करून पाहा. विंडोजने स्वतः डीफॉल्ट ठरवायचं हा पर्यायही बंद करा, नाहीतर शेवटी जिथे छापलं तोच प्रिंटर पुन्हा डीफॉल्ट होऊन बसतो.

पेन ड्राइव्हवरून थेट फाइल उघडून काम करणाऱ्यांना मी फक्त हात जोडते.

वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्यासारख्या दिसतात, ही तक्रारही ‘डिस्प्ले बिघडला’ म्हणूनच येते. तो बिघाड नव्हे. जुनी फाइल मंगल फाँटमध्ये असते. विंडोज १० पासून मंगल आपोआप बसवलेला नसतो, तो देवनागरीच्या जादा फाँटांबरोबर वेगळा घ्यावा लागतो. नसेल तर विंडोज त्याजागी निर्मला हा फाँट वापरतं, त्याची उंची वेगळी, आणि ओळीची उंची कुणीतरी हाताने पक्की करून ठेवलेली. ओळी निवडून ‘ऑटोफिट रो हाइट’ केलं की वेलांट्या परत येतात. मात्र एका पानावर बसणारं बिल दोन पानांवर जातं, ते पाहून घ्या.

ज्यांच्याकडे एक्सेल नसून कॅल्क आहे त्यांच्यासाठी: लिब्रेऑफिस ७.० पासून, म्हणजे २०२० पासून, विंडोजवर चित्र रंगवायचं काम स्किया नावाची व्यवस्था करते. भुतं आणि पट्टे दिसले तर टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यू इथे स्कियाला सॉफ्टवेअरवर चालायला भाग पाडणारा पर्याय आहे, तो आधी करा; भागलं नाही तर स्किया पूर्ण बंद करा. आणि हेल्प मेनूतून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ केलं की एक्स्टेन्शन आणि बिघडलेलं युझर प्रोफाइल बाजूला सारून तपासता येतं.

ऑफिसची दुरुस्ती, म्हणजे ‘क्विक रिपेअर’ आणि ‘ऑनलाइन रिपेअर’, मी शेवटी ठेवते. त्यात वेळ जातो, आणि ॲड-इन, फाइल, टीव्हीची केबल यांपैकी काहीच त्याने बदलत नाही.

कुणाला मदत मागायची वेळ आली तर ‘एक्सेल चालत नाही’ एवढंच सांगू नका. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, दिवसवार बिघाडांचा तक्ता उघडतो; त्यात एक्सेलच्या लाल फुलीवर तपशील पाहिलात तर ‘फॉल्ट मॉड्यूल’चं, म्हणजे ज्या भागात बिघाड झाला त्याचं, नाव असतं. ते नाव एखाद्या ॲड-इनचं किंवा ग्राफिक्सचं निघालं तर अर्धं काम झालं. विंडोजच्या स्वतःच्या एखाद्या फाइलचं निघालं तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. त्यासोबत एक्सेलची आवृत्ती, ३२ बिट की ६४ बिट, फाइलचं वजन, आणि बंद पडण्याआधीचा जीडीआयचा आकडा. आणि कितव्या वेळेला मेलं, तेही.